संगणकाची ऑनर्स पदवी : चौथ्या वर्षाची तयारी अकरावीतच

मुरबाड तालुक्यातील धसई हे आसपासच्या वाड्यापाड्यांचे बाजाराचे गाव. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी पाचशे आणि हजाराच्या नोटा बंद झाल्या आणि पुढच्याच महिन्यात, डिसेंबर २०१६ मध्ये, हे गाव महाराष्ट्रातील पहिले रोकडविरहित गाव म्हणून जाहीर झाले. दुकानादुकानांतून कार्ड घासण्याची यंत्रे आली. किराणा असो की वडापाव, पैसे यंत्रातून चुकते होऊ लागले. पुढे बाजारात रोख रक्कम परत आली हेही खरे. पण त्या वर्षी एक गोष्ट सर्वांच्या डोळ्यांसमोर आली. ज्या यंत्राचे नाव शहरात ऐकावे, ते आपल्या गावच्या दुकानाच्या फळीवर येऊन बसले.

यंत्र आले, ते वापरायलाही आपण शिकलो. परंतु त्या यंत्राच्या पोटात हिशेब कोणी लिहून ठेवला? एका बँकेतले पैसे दुसऱ्या बँकेत एका दमात जातात आणि वाटेत हरवत नाहीत, ही व्यवस्था कोणी बसवली? ते काम करणारी माणसे कोठे शिकतात, किती वर्षे शिकतात आणि त्या शाळेच्या दारातून आत जाण्यासाठी काय लागते? मोलमजुरी करणाऱ्या, रिक्षा चालविणाऱ्या, कारखान्यात पाळी करणाऱ्या आपल्या घरांतून हा प्रश्न विचारला जातो तो बहुधा बारावीचा निकाल लागल्यावर. तोवर निम्मी वाट बंद झालेली असते. म्हणून आम्ही तो आज, अकरावीच्या मुलामुलींच्या पालकांसमोर मांडतो आहोत.

ऑनर्स हा काय प्रकार आहे?

बी.एस्सी. म्हणजे तीन वर्षे, हे आपल्या वस्तीत सर्वांना ठाऊक आहे. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने, म्हणजे २०२० च्या धोरणाने, त्यात एक चौथे वर्ष जोडले. तीन वर्षांनी थांबणाऱ्यास साधी पदवी आणि चौथे वर्षही पुरे करणाऱ्यास ऑनर्स पदवी, अशी ही रचना आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये तिची चौकट प्रसिद्ध केली. महाराष्ट्रात स्वायत्त महाविद्यालयांनी ती २०२३-२४ पासून घेतली आणि मुंबई विद्यापीठाशी संलग्न असलेल्या इतर महाविद्यालयांत ती २०२४-२५ पासून आली. संलग्न महाविद्यालयात २०२४-२५ मध्ये पहिल्या वर्षाला बसलेली तुकडी चौथ्या वर्षात पोहोचते ती २०२७-२८ मध्ये.

या चौथ्या वर्षाचेही दोन प्रकार आहेत. एक नुसते ऑनर्स, ज्यात वरच्या पातळीचे विषय शिकून परीक्षा द्यायच्या. दुसरे संशोधनासह ऑनर्स, ज्यात एका मार्गदर्शकाच्या हाताखाली स्वतः एक प्रश्न घेऊन प्रबंध लिहायचा. प्रबंध म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना परक्या उदाहरणाने सांगायला नको. बाबासाहेबांनी रुपयाच्या प्रश्नावर लंडनमध्ये प्रबंध लिहिला. परीक्षकांनी त्यात फेरबदल सांगितले, तेव्हा तो पुन्हा लिहून पाठविला आणि १९२३ साली डी.एस्सी. मिळविली. चौथ्या वर्षाचा प्रबंध एवढा मोठा नसतो, पण रीत तीच. प्रश्न नेमका करायचा, पुरावा गोळा करायचा, लिहायचे आणि चुकले तर पुन्हा लिहायचे.

संगणकशास्त्रात शिकवतात तरी काय?

येथे एक गैरसमज दूर करावयास हवा. अनेक घरांत 'मुलगी कॉम्प्युटर शिकली' याचा अर्थ एमएस-सीआयटीचे प्रमाणपत्र असा घेतला जातो. ते प्रमाणपत्र उपयोगाचे आहेच. पण ते म्हणजे एस.टी.त चढायला, तिकीट काढायला आणि योग्य थांब्यावर उतरायला शिकणे. संगणकशास्त्र म्हणजे एस.टी.चे इंजिन कसे चालते, वेळापत्रक कसे बसवावे आणि एक गाडी बंद पडली तर बाकीच्या कशा वळवाव्यात, हे शिकणे. दोन्हींत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

या पदवीत प्रोग्राम लिहिणे शिकवतात, म्हणजे यंत्राला समजेल अशा भाषेत पायरीपायरीने हुकूम लिहिणे. माहिती कशी रचून ठेवावी हे शिकवतात. रेशनच्या रांगेत जो आधी आला तो आधी सुटतो, आणि धुतलेल्या ताटांच्या चळतीत जे शेवटी ठेवले ते आधी उचलले जाते. संगणकातही माहितीच्या अशाच रांगा आणि चळती असतात. तलाठ्याच्या दप्तरासारखी लाखो नोंदींची भांडारे कशी सांभाळावीत, एका यंत्राचा निरोप दुसऱ्यापर्यंत कसा पोहोचवावा आणि एकाच वेळी दहा कामे मागणाऱ्या यंत्राला कोणते काम केव्हा द्यावे, हे सारे त्यात येते.

पहिली अट कागदावर एका ओळीची : गणित

मुंबई विद्यापीठात बी.एस्सी. संगणकशास्त्राला प्रवेश घेण्याची रूढ अट अशी की बारावी विज्ञान शाखेतून आणि गणित हा विषय घेऊन झालेली असावी. एवढीच ओळ. परंतु ही एक ओळ अनेकांची वाट अडवते. दहावीला गणिताने रडवलेले असते, म्हणून अकरावीचा अर्ज भरताना मूल म्हणते, 'गणित नको, जीवशास्त्र घेतो.' आईबापांना वाटते, विज्ञान ते विज्ञान. पुढे बारावीला चांगले गुण पडूनही दारावर सांगितले जाते, गणित नाही तर प्रवेश नाही.

गणित कशाला हवे, हे एका उदाहरणाने सांगतो. १,०२४ नावांची एक यादी अकारविल्हे लावलेली आहे. त्यात एक नाव शोधायचे आहे. वरून खाली एकेक नाव वाचत गेलो तर ते नाव शेवटी असल्यास १,०२४ नावे वाचावी लागतील. दुसरी रीत अशी की यादी मध्यावर उघडावी. आपले नाव त्याच्या आधी येते की नंतर, एवढे पाहून अर्धी यादी बाजूला सारावी. राहिले ५१२. पुन्हा मधोमध उघडावी, राहिले २५६. असे दहा वेळा केले की हातात एकच नाव उरते. कोठे १,०२४ आणि कोठे दहा! यादी दुप्पट केली तर पहिल्या रीतीचे काम दुप्पट होते, दुसऱ्या रीतीत फक्त एक पायरी वाढते. हा हिशेब दोनाच्या घातांकाचा आहे, म्हणजे शाळेतल्याच गणिताचा. कोट्यवधी खात्यांमधून तुमचे खाते निमिषात सापडते ते अशाच युक्त्यांमुळे. म्हणून गणित ही अट उगाच घातलेली नाही. ते या विद्येचे अवजारच आहे.

आमचे सांगणे एवढेच की मूल गणितात कच्चे असेल तर दहावीच्या सुट्टीत त्याला आधार द्यावा, विषय सोडू देऊ नये. जीवशास्त्राची आवड असेल तर अकरावीला गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवता येतात.

नावे सारखी, दारे वेगळी

संगणकाच्या नावाने चार प्रकारच्या पदव्या आहेत आणि चारांची दारे निराळी आहेत.

बी.एस्सी. संगणकशास्त्र आणि बी.एस्सी. माहिती तंत्रज्ञान या दोन पदव्या बारावीनंतर विज्ञान महाविद्यालयांतून मिळतात. कल्याणचे बिर्ला महाविद्यालय हे आपल्या बाजूचे त्यातले परिचित नाव. ते स्वायत्त असल्याने त्याचे काही नियम त्याचे स्वतःचे असतात.

बी.सी.ए. ही तिसरी. ही पदवी २०२४-२५ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आली आणि तिच्यासाठी राज्याची प्रवेश परीक्षा सुरू झाली. बारावीच्या गुणांवर प्रवेश मिळेल या समजुतीने अनेकांनी त्या परीक्षेचा अर्जच भरला नाही.

चौथी म्हणजे अभियांत्रिकीची संगणक शाखा. तिच्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित लागते, शिवाय राज्याची सीईटी. दहावीनंतर तंत्रनिकेतनातून तीन वर्षांची पदविका घेतल्यास अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षात बसण्याचीही सोय आहे. अभियांत्रिकीची पदवी मुळातच चार वर्षांची असल्याने तेथे ऑनर्सचा अर्थ निराळा होतो. त्याच चार वर्षांत नेहमीच्या अभ्यासाशिवाय १८ ते २० जादा श्रेयांकांचे विषय पुरे करायचे, म्हणजे पदवीवर ऑनर्सचा शिक्का बसतो. तेथे वर्ष वाढत नाही, ओझे वाढते.

श्रेयांकांचा हिशेब

आता तो नवा शब्द, क्रेडिट. सरकारी मराठीत त्याला श्रेयांक म्हणतात. मजुराच्या हजेरीपटावर जशी हजेरी लागते तसे विद्यार्थ्याच्या खात्यावर श्रेयांक जमा होतात. वर्गात शिकवण्याच्या १५ तासांचा एक श्रेयांक आणि प्रयोगशाळेतील ३० तासांचा एक. सहा महिन्यांच्या एका सत्रात मुंबई विद्यापीठ २२ श्रेयांक ठेवते. म्हणजे वर्षाला ४४. दोन वर्षांचे ८८, तीन वर्षांचे १३२ झाले की पदवी आणि चार वर्षांचे १७६ झाले की ऑनर्स. आयोगाने देशासाठी घातलेली किमान मर्यादा तीन वर्षांना १२० आणि चार वर्षांना १६० अशी आहे.

हे आकडे घराच्या घड्याळावर लावून पाहा. समजा, एका सत्रातील २२ श्रेयांकांपैकी १६ वर्गातले आणि ६ प्रयोगशाळेतले आहेत. १६ गुणिले १५ म्हणजे २४० तास. ६ गुणिले ३० म्हणजे १८० तास. बेरीज ४२०. सत्रात शिकवण्याचे १५ आठवडे धरले तर आठवड्याला २८ तास मूल वर्गात आणि प्रयोगशाळेत हवे. घरचा अभ्यास त्यावर वेगळा. 'कॉलेज सांभाळून कामाला जाईल' असे म्हणणाऱ्या पालकांनी हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा. शिवाय परीक्षेला बसण्यासाठी साधारणतः ७५ टक्के हजेरी लागते.

हे सर्व श्रेयांक संगणकाच्या एकाच विषयाचे नसतात. एक मुख्य विषय, एक गौण विषय, भाषा, कौशल्याचे अभ्यासक्रम, समाजातील प्रत्यक्ष काम आणि नोकरीच्या जागी जाऊन घ्यायचे प्रशिक्षण, असे त्याचे भाग पाडलेले आहेत. ज्याला ऑनर्स करायचे आहे त्याने गौण विषय म्हणून गणित किंवा संख्याशास्त्र मिळत असेल तर ते घेण्याचा विचार करावा. चौथ्या वर्षी त्याचा फार उपयोग होतो.

आणि एक गोष्ट गरीब घरांसाठी फार मोलाची. घरात आजारपण आले, बापाची गिरणी किंवा कारखाना बंद पडला आणि पहिल्या वा दुसऱ्या वर्षी शिक्षण थांबवावे लागले, तर पूर्वी हाती काही उरत नसे. आता पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दुसऱ्या वर्षानंतर पदविका घेता येते. त्यासाठी चार श्रेयांकांचा एक जादा व्यावसायिक अभ्यासक्रम करावा लागतो. तीन वर्षांच्या आत परत येऊन पुढे शिकता येते, मात्र सारी पदवी एकूण सात वर्षांत पुरी व्हावी लागते. मिळवलेले श्रेयांक जमा राहतात ते अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स या सरकारी खात्यात. ते खाते पहिल्याच वर्षी उघडावे आणि त्याचा क्रमांक घरी लिहून ठेवावा.

पंचाहत्तर टक्क्यांची भिंत

संशोधनासह ऑनर्ससाठी आयोगाची अट अशी आहे की पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा अधिक गुण असावेत. चौथ्या वर्षी मग १२ श्रेयांकांचे संशोधन करावे लागते. ज्याला एवढे गुण नाहीत त्याचे चौथे वर्ष बंद होत नाही. तो संशोधनाऐवजी तितक्याच श्रेयांकांचे तीन जादा विषय घेऊन ऑनर्स होऊ शकतो. प्रबंधाची वाट मात्र त्याला मिळत नाही.

येथे ध्यानात घ्यायचे ते हे की सहा सत्रांमध्ये पहिले सत्रही मोजले जाते. मराठी माध्यमातून आलेले मूल पहिल्या सत्रात इंग्रजी पुस्तकांना बिचकते, एस.टी.च्या प्रवासाने थकते, शहरातल्या मुलांपुढे गप्प बसते. त्याला पहिल्या सत्रात ५५ आणि दुसऱ्यात ६० टक्के पडले असे समजू. सर्व सत्रांचे वजन सारखे धरले तर ७५ ची सरासरी गाठण्यासाठी सहा सत्रांची बेरीज ४५० हवी. पैकी ११५ झाले. उरलेल्या चार सत्रांत ३३५ मिळवावे लागतील, म्हणजे दर सत्राला सरासरी ८३.७५. अशक्य नाही, पण फार चढणीचे आहे. हाच विद्यार्थी पहिल्या वर्षी दोन्ही सत्रांत ७० वर राहिला असता तर पुढे ७७.५ ची सरासरी पुरली असती.

म्हणून आम्ही म्हणतो, ऑनर्सची परीक्षा चौथ्या वर्षी होत नाही. ती पहिल्या सत्रातच सुरू होते. आपली मुले 'पहिले वर्ष कसेबसे काढू, मग जोर लावू' असे म्हणतात. या नव्या रचनेत त्या वाक्याची किंमत फार मोठी आहे.

आणखी एक चौकशी प्रवेशाच्या आधीच करावी. प्रत्येक महाविद्यालयात संशोधनासह ऑनर्स असेलच असे नाही. आयोगाच्या नियमानुसार ज्या विभागात पीएच.डी.चे मार्गदर्शक म्हणून मान्यता असलेले किमान दोन कायम प्राध्यापक आहेत आणि ग्रंथालय, संगणक प्रयोगशाळा अशा सोयी आहेत, तेथेच ते चालवता येते. तेव्हा अर्जाच्या खिडकीवर स्पष्ट विचारावे : येथे चौथे वर्ष आहे काय? संशोधनाचे आहे काय? नसेल तर तिसऱ्या वर्षानंतर मुले कोठे जातात?

चौथे वर्ष करावे की नोकरी धरावी?

हा प्रश्न पुस्तकी नाही, चुलीचा आहे. तिसऱ्या वर्षानंतर मुलगा किंवा मुलगी कमावू शकते. आणखी एक वर्ष शिकणे म्हणजे एका वर्षाचा पगार घरात न येणे. आम्ही कोणालाही डोळे झाकून चौथे वर्ष करा असे सांगणार नाही.

हिशेब असा आहे. तीन वर्षांच्या पदवीनंतर एम.एस्सी. दोन वर्षांची. चार वर्षांच्या ऑनर्सनंतर ती एक वर्षाची. दोन्ही वाटांनी पाचच वर्षे होतात. म्हणजे ज्याला एम.एस्सी. करायचीच आहे त्याचे चौथ्या वर्षाने काही वाया जात नाही, आणि जो तीन वर्षांनी नोकरीला लागला त्याचीही पुढची वाट बंद होत नाही. दोन वर्षांची एम.सी.ए. करण्याचा रस्ताही त्याला मोकळा आहे. काही मोठ्या कंपन्या तीन वर्षांच्या विज्ञान पदवीधरांना नोकरीत घेऊन नोकरीबरोबर पुढचे शिक्षणही देतात.

चौथ्या वर्षाचा खरा लाभ आहे तो प्राध्यापक किंवा संशोधक होऊ पाहणाऱ्यास. २०२२ च्या नियमांनुसार चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी मिळविणाऱ्यास एम.एस्सी. न करता थेट पीएच.डी.च्या प्रवेशप्रक्रियेत उतरता येते आणि अनुसूचित जातींच्या उमेदवारांना या टक्केवारीत ५ टक्क्यांची सवलत आहे. पुढे पुण्याच्या बार्टी संस्थेची संशोधनासाठीची अधिछात्रवृत्तीही आहे. आपल्यातून संगणकाचे नोकर पुष्कळ होतील आणि व्हावेत. पण संगणकाचे शिक्षक आणि संशोधक किती होतील? यंत्राने कोणाला कर्ज द्यावे, कोणाचा अर्ज पुढे ढकलावा, असे निर्णयही आता प्रोग्राम करू लागले आहेत. ते लिहिणाऱ्या आणि तपासणाऱ्या टेबलाभोवती आपलीही माणसे हवीत, हे आम्हांस महत्त्वाचे वाटते.

तेव्हा आमचा सल्ला असा : मुलाला विषयाची गोडी आहे, सहा सत्रांचे गुण चांगले आहेत आणि घर एक वर्ष तग धरू शकते, तर चौथे वर्ष अवश्य करावे. यातले एखादे नसेल तर तीन वर्षांची पदवी सन्मानाने घ्यावी. तीन वर्षांनी थांबणे म्हणजे नापास होणे नव्हे, हे शेजाऱ्यापाजाऱ्यांनीही समजून घ्यावे.

ट्रंकेतली कागदपत्रे

गुण असूनही कागदाअभावी मागे राहिलेली मुले प्रत्येक वस्तीत आहेत. बौद्धांचा अनुसूचित जातींच्या यादीत समावेश करणारी दुरुस्ती १९९० साली झाली. तो हक्क मिळाला खरा, पण तो वापरायचा तर दाखला हातात हवा.

जातीचा दाखला मिळतो प्रांत कार्यालयातून. त्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा वास्तव्याचा आणि जातीचा पुरावा मागतात. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदीचा उतारा असे काहीतरी शोधावे लागते. हे काम एका खेपेत होत नाही. जात पडताळणीचा अर्ज मूल बारावी विज्ञानात असतानाच महाविद्यालयामार्फत भरावा. पडताळणी प्रमाणपत्र वेळेवर आले नाही तर राखीव जागेवरील प्रवेश धोक्यात येतो. उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयातून काढावा.

भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी अनुसूचित जातींना वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे. उत्पन्न त्याहून अधिक असेल तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ होण्याची वेगळी योजना आहे, तिला फ्रीशिप म्हणतात. दोन्हींचे अर्ज महाडीबीटीवर भरायचे. बी.एस्सी. संगणकशास्त्राच्या तुकड्या पुष्कळ ठिकाणी विनाअनुदानित असतात, त्यामुळे फी साध्या बी.एस्सी.पेक्षा जास्त असते. म्हणून हा अर्ज चुकवणे परवडणारे नाही. चौथ्या वर्षालाही शिष्यवृत्ती पुढे चालते ना, हे तिसऱ्या वर्षातच कार्यालयात विचारून घ्यावे.

धसईहून रोज मुरबाड आणि तेथून कल्याण असा एस.टी.चा प्रवास करणे सोपे नाही. एक गाडी चुकली की प्रॅक्टिकल चुकते. यासाठी सामाजिक न्याय विभागाची वसतिगृहे आहेत. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर २०१६-१७ पासून भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे, जिच्यात मुंबई-ठाण्यासारख्या मोठ्या शहरांत राहून शिकणाऱ्यास भोजन, निवास आणि इतर खर्चासाठी वर्षाला ६० हजार रुपये ठरविण्यात आले. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीच ही योजना आहे. अटी आणि मुदत समाज कल्याण कार्यालयात दरवर्षी नव्याने पाहून घ्याव्यात.

घराने काय करावे?

ज्या आईबापांनी महाविद्यालयाची पायरी पाहिली नाही त्यांनाही पुष्कळ करता येते. संध्याकाळचे दोन तास टी.व्ही. बंद ठेवावा. परीक्षेच्या दिवसांत मुलीला लग्नाच्या कामाला जुंपू नये. मुलाला जी वेळ मिळते ती मुलीलाही मिळावी. दरवर्षी निकालाची प्रत मागून पाहावी. इंग्रजी येत नसले तरी त्यावरचे आकडे सर्वांना वाचता येतात.

घरी संगणक नाही म्हणून हताश होऊ नये. मोबाईलवर प्रोग्राम लिहिण्याचा सराव नीट होत नाही, हे खरे. त्यासाठी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत रिकामा वेळ मिळतो का ते विचारावे. जुना, वापरलेला संगणकही शिकण्यास पुरतो. वस्तीतील पाच घरांनी मिळून एक घेतला आणि विहाराच्या खोलीत ठेवला तर पाच मुलांची सोय होते. व्याख्याने ऐकण्यास मात्र मोबाईल चांगला. आय.आय.टी.च्या प्राध्यापकांची संगणकशास्त्रावरील व्याख्याने एनपीटेल आणि स्वयम् या सरकारी उपक्रमांतून फुकट ऐकता येतात. स्वयम् वरील अभ्यासक्रमांची परीक्षा दिली आणि महाविद्यालयाने मान्य केले, तर सत्रातील ४० टक्क्यांपर्यंतचे अभ्यासक्रम तसे पुरे करण्यास नियमाने मुभा आहे.

इंग्रजीबद्दल भीती बाळगू नये, पण तयारी करावी. अकरावीपासून रोज दहा इंग्रजी शब्द वहीत अर्थासह लिहिले तर दोन वर्षांत सात हजार शब्द होतात. पहिल्या सत्राची निम्मी चढण त्यानेच कमी होईल.

शेवटी पालकांनी चार गोष्टी एका कागदावर उतरवून ठेवाव्यात. अकरावीला गणित सोडू नये. बारावीत असतानाच जातीचा दाखला आणि पडताळणी मार्गी लावावी. प्रवेश घेताना त्या महाविद्यालयात चौथे वर्ष आहे की नाही ते विचारावे. आणि पहिल्या सत्रापासून गुणांवर लक्ष ठेवावे. यांतील एकाही कामाला मोठा पैसा लागत नाही. लागतात त्या वेळेवर घातलेल्या चार खेपा. यंदा ज्यांच्या घरी दहावीचे मूल आहे त्यांनी त्यांतली पहिली खेप अकरावीचा अर्ज भरताना, विषयांच्या रकान्यापाशीच घालावी.